ओढायचं घर की चालवायचं घर

आमच्या घरात यंदाचा हिवाळा एकाच वादात गेला: फिरतं घर घ्यायचं तर मोटरहोम की कॅरव्हॅन? जेवताना हाच विषय, झोपतानाही हाच. नवऱ्याचा कौल मोटरहोमला, माझं मत बरेच दिवस अधांतरी, आणि लेकीला दोन्हींत वरचा बर्थ हवा, बाकी काहीही चालेल.

हा वाद नुसत्या हौसेपोटी सुरू झाला नव्हता. दर वर्षी मे महिन्यात सासू-सासरे साताऱ्याजवळच्या गावाहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये लीड्सला येतात आणि गणपतीच्या आत परत जातात. एवढ्या लांब आलेल्या माणसांना घरात बसवून ठेवणं जिवावर येतं. पण हॉटेलात नेलं की त्यांचे हाल होतात. आबा पहाटे साडेचारला उठतात. इथे जूनमध्ये त्या वेळी उजाडलेलंही असतं, पण हॉटेलातला नाश्ता साडेसातच्या आधी मिळत नाही, आणि खोलीतल्या किटलीवर केलेल्या चहाला ते चहा म्हणत नाहीत. आईंना मधुमेह, वेळेवर भाकरी-भाजी पोटात गेली तर त्या दिवसभर टवटवीत असतात, नाही तर दुपारपर्यंत गळून जातात. गुडघे दोघांचेही कुरकुरणारे. समुद्रकाठच्या गावांतली जुनी गेस्टहाउसं दिसायला सुंदर, पण जिने उभे आणि अरुंद. तेव्हा स्वतःची शेगडी, स्वतःचा संडास आणि एक पायरी चढलं की आत, असं घर बरोबर नेता आलं तर हे सगळे प्रश्न एकदम सुटतात, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो कुठलं घर, हे ठरवायला.

आपल्याकडे लोकांनी पाहिलेलं फिरतं घर म्हणजे सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे तो शब्दही कानावर आला असेल. पण तिथे बोलताना डोळ्यांसमोर बहुधा इंजिन असलेली गाडीच असते. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनला स्वतःचं इंजिन नसतं. ती दोन चाकांवरची खोली असते, आपल्या नेहमीच्या मोटारीमागे जोडून ओढत न्यायची. मोटरहोममध्ये स्टिअरिंगपासून बिछान्यापर्यंत सगळं एकाच चासीवर असतं. ही चासी बऱ्याचदा फियाटच्या डुकाटो व्हॅनची. व्हॅनच्याच पत्र्यात बसवलेलं लहान घर असेल तर ती कॅम्परव्हॅन.

विचारायला जावं तर लोक हिशेब किमतीपासून सुरू करतात. माझ्या मते तो शेवटी करावा. आधी बघावं की आपण रोज गाव बदलणारी माणसं आहोत की एका गावी तळ ठोकून आजूबाजूला हिंडणारी. आणि बरोबर कोण आहे, त्यांना यातलं काय झेपतं. बाकीचे बहुतेक मुद्दे या दोन प्रश्नांच्या मागून चालत येतात.

मोटरहोमचं सुख आम्ही स्कॉटलंडमध्ये पुरेपूर भोगलं. आबा-आई भारतात असताना आम्ही तिघं भाड्याची मोटरहोम घेऊन इन्व्हर्नेसहून निघालो, उत्तर किनाऱ्याच्या त्या प्रसिद्ध फेरीला. नॉर्थ कोस्ट ५०० म्हणून २०१५ मध्ये या वाटेचा गाजावाजा सुरू झाला. ५१६ मैलांचा वळसा, इन्व्हर्नेसहून निघून इन्व्हर्नेसलाच परत. वायव्येच्या कोपऱ्यात रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने ‘पासिंग प्लेस’च्या खाचेत शिरून थांबायचं आणि दुसऱ्याने हात वर करून पुढे जायचं. या हात वर करण्याची मला इतकी सवय लागली की घरी परतल्यावरही माझा हात आपसूक वर जायचा.

त्या प्रवासातली एक दुपार सांगते, कारण मोटरहोमचा सगळा युक्तिवाद तिच्यात आहे. पाऊस आडवा मारत होता. लेकीचं पोट दुखायला लागलं. सरोवराच्या कडेला गाडी लावण्याजोगी मोकळी जागा दिसली, तिथे मी थांबले. इंजिन बंद केलं, सीट गोल फिरवली आणि बाहेर पाऊलही न टाकता आम्ही घरात होतो. लेक मागे जाऊन आडवी झाली. नवऱ्याने आल्याचा चहा टाकला. मुगाची खिचडी कुकरला लावली. खिडकीच्या काचेवर पाणी वाहत होतं आणि पलीकडे ओल्या मेंढ्या पावसाकडे पाठ करून उभ्या होत्या. पाऊण तासाने लेकीला बरं वाटलं, भांडी विसळून कप्प्यात गेली, मी सीट पुढे वळवली आणि आम्ही निघालो. कॅरव्हॅन असती तर भर पावसात मोटारीतून उतरून मागे पळावं लागलं असतं, आणि मुळात एवढी लांब जोडगाडी त्या जागेत मावली असती की नाही, ही शंकाच आहे.

तेव्हाच मोटरहोमची दुसरी बाजूही दिसली. एका जागी आम्ही दोन रात्री राहिलो. सकाळी दूध संपलं होतं. दुकान चार मैलांवर. दूध आणायचं तर पूर्ण घर उचलून न्यायचं: विजेची केबल काढा, छताची खिडकी बंद करा, टेबलावरचे कप, ओट्यावरचा मिक्सर, सिंकमधली ताटं, सगळं जागच्या जागी बंदिस्त करा, नाही तर पहिल्याच वळणाला खणखणाट. उलापूलला पोचलो तेव्हा दुपारभर गाडी कुठे लावायची यातच वेळ गेला. मोठ्या गावांतल्या बऱ्याच पार्किंगच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटर उंचीवर आडवा दांडा असतो आणि कोचबिल्ट, म्हणजे चासीवर वेगळी खोली बांधलेली, मोटरहोम तीन मीटरच्या आसपास उंच. ॲपलक्रॉसला नेणारा बेआलाच ना बा हा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो; त्याच्या पायथ्याच्या फलकावर शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन यांनी या वाटेला जाऊ नये असं लिहिलं आहे. आमची गाडी लांबलचक होती, म्हणून आम्ही शील्डेगवरून किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. मोटरहोम म्हणजे कुठेही जाता येतं, हा समज तिथेच ओसरला.

आणखी एक गैरसमज भारतातून येणाऱ्या पाहुण्यांमध्ये फार दिसतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर हिंडायचा, तंबू टाकायचा हक्क मिळाला आहे, हे खरं. पण तो पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांचा. मोटारगाडीत झोपणाऱ्याला तो लागू नाही. तेव्हा मोटरहोम घेतली म्हणून वाटेल तिथे रात्र काढता येते असं नाही.

कॅरव्हॅन आम्ही जवळून पाहिली ती शेजाऱ्यांमुळे. दोघंही निवृत्त. आधी त्यांच्याकडे मोठी मोटरहोम होती, साडेतीन टनांहून जड. इथे १ जानेवारी १९९७ च्या आधी परवाना काढलेल्यांना साडेसात टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं, पण सत्तरी गाठली की तो जादा हक्क टिकवायला वैद्यकीय तपासणीचा फॉर्म डॉक्टरकडून भरून द्यावा लागतो. त्यांची नजर कमजोर झाली होती. साधी मोटार चालवण्याइतकी ती पुरेशी होती, म्हणून त्यांनी मोटरहोम विकली आणि कॅरव्हॅन घेतली. आम्हाला ते यॉर्कशायर डेल्समधल्या एका साइटवर घेऊन गेले. आम्ही शेजारी तंबू टाकला आणि त्यांचं तळ ठोकणं बघत बसलो.

पोचल्यावरचं काम तासाभराचं असतं. आधी मोटार सोडवायची. मग पुढचं लहान चाक फिरवून घर आडव्या पातळीत आणायचं, चार कोपऱ्यांचे टेकू खाली सोडायचे, निळ्या प्लगची केबल खांबाला जोडायची. पाण्याचं पिंप चाळीस लिटरचं. ते हातात उचलायचं नसतं, दांडी लावून जमिनीवर लोळवत आणायचं. सांडपाण्याचं दुसरं पिंप सिंकखालच्या नळीला. पुढे ऑनिंग, म्हणजे कॅरव्हॅनच्या बाजूला उभारायची कापडी पडवी. हे सगळं झालं की गृहस्थ खुर्चीत बसले आणि बाई मोटार घेऊन गावात बाजाराला गेल्या. घर जागेवर, मोटार मोकळी. पुढचे चार दिवस त्यांनी कॅरव्हॅनला हातही लावला नाही. रोज मोटारीने कुठे धबधब्याला, कुठे चीजच्या दुकानात, आणि संध्याकाळी परत.

तिथे मला आबा-आई डोळ्यांसमोर दिसले. एखाद्या दिवशी आईंचा पाय दुखत असला तर त्या तिथेच पडवीत खुर्ची टाकून बसतील, तांदूळ निवडतील, शेजारच्या बाईंशी हातवाऱ्यांनी बोलतील. आम्ही लेकीला घेऊन डोंगर चढून येऊ. मोटरहोममध्ये हे जमत नाही. तिथे एकाला जायचं तर सगळ्यांना जावं लागतं, नाही तर सगळ्यांनी थांबावं लागतं. मागे सायकली टांगाव्यात हा उपाय आहे, पण पंचाहत्तरीच्या माणसांना घेऊन तो उपाय काय कामाचा?

माझं मत तिथेच झुकलं. पण झुकणं वेगळं आणि टनाहून जड खोली मागे बांधून मोटरवेवर जाणं वेगळं. मला भीती वाटत होती. ती घालवायला मी कायदा आणि वजनं दोन्ही नीट समजून घेतली, आणि त्यातच आबांनी मला जे सांगितलं ते कुठल्याच माहितीपत्रकात इतकं स्वच्छ सापडलं नाही.

आधी कायद्याचं. आमच्या पिढीतले, म्हणजे २००० नंतर इथे आलेले बहुतेक मराठी लोक १९९७ नंतर परवाना काढलेले. आमच्यासारख्यांना पूर्वी जड कॅरव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. ओढताना वेगाची मर्यादा मात्र कमी: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६०. तीन किंवा जास्त लेन असतील तिथे सगळ्यात उजवी लेन बंद. बऱ्याचशा मोटरहोमना मोटारीइतकाच वेग चालतो. नवरा या मुद्द्यावर फार अडून बसला होता. मला त्यात काही जाताना दिसलं नाही. आबांना घेऊन जाताना मी तशीही साठच्या वर जात नाही.

आता वजनांचं. नवशिक्याने भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असा इथला सल्ला आहे. आमची डिझेल मोटार साधारण १,७०० किलोची, म्हणजे १,४४५ किलोपर्यंतची कॅरव्हॅन. दुसरं, कॅरव्हॅनच्या नाकाचा भार. मोटारीच्या मागे बसवलेल्या जोडणीच्या गोळ्यावर कॅरव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार पडायला हवा. १,४०० किलोच्या कॅरव्हॅनला हा ७० ते ९८ किलो, आणि तोही मोटारीच्या कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत. भार कमी पडला, म्हणजे मागची बाजू जड झाली, की वेगात कॅरव्हॅन शेपटी हलवू लागते. बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला की ती हलण्याला जोर चढतो आणि ती मोटारीलाच ओढू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबायचा नसतो. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा, म्हणजे ती आपोआप निवते.

हे सगळं मी वाचलं होतं, पण अंगात मुरलं ते गेल्या जूनमध्ये, ॲपलबीजवळ. कंब्रियातल्या ॲपलबीला जूनच्या सुरुवातीला घोड्यांची मोठी जत्रा भरते आणि इंग्लंडभरातून जिप्सी आणि ट्रॅव्हलर हे भटके लोक तिथे येतात. काही जण अजूनही घोडे जुंपलेल्या, अर्धगोल कापडी छताच्या रंगीत गाड्या घेऊन रस्त्याने मजल दरमजल करत येतात. आम्ही आबांना घेऊन त्या बाजूने जात होतो. रस्त्याकडेच्या गवतात दोन गाड्या सोडलेल्या, घोडे चरत होते, एक म्हातारा चूल पेटवत होता. आबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, लांबूनच हात जोडले आणि एका दोनचाकी गाडीत एक पोरगा सामान भरत होता ते निरखत उभे राहिले. पोरगा पाण्याची भरलेली कॅनं मागच्या टोकाला ठेवायला गेला तसे आबा मला म्हणाले, “सूनबाई, त्याला म्हणावं, पुढं घे. मागनं उलाळ होईल.”

मी विचारलं, “आबा, झाली तर काय होतं?”

“अगं, जू वर उचलतं. जुपण्या बैलाच्या गळ्याला आवळतात, जनावर घुसमटतं. आन् पुढं जास्त भरलंस तर मान खाली जाती त्याची. ऊस भरताना आम्ही धुरीला हात लावून बघायचो. अलगद उचलली पाहिजे, पर हातात वजन लागलं पाहिजे.”

पाच टक्के, सात टक्के, नाकाचा भार, हे सगळं त्या क्षणी माझ्या हाताला कळलं. पुढे कॅरव्हॅन चालवण्याच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा शिकवणाऱ्यांनी जड वस्तू कुठे ठेवाल असं विचारलं. मी न अडखळता उत्तर दिलं: चाकांच्या आसावर, जमिनीलगत; हलकं सामान वर, आणि अगदी मागच्या टोकाला काही जड नाही. रिव्हर्स घेणं मात्र आबांनाही सांगता आलं नसतं. कॅरव्हॅन डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे वळवायचं, आणि ती वळायला लागली की तिच्या मागोमाग जायचं. विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर प्लास्टिकचे शंकू लावून ते आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं गेलं, आणि दुपारपर्यंत भीती जाऊन मजा वाटू लागली.

ॲपलबीच्या वाटेवर आबा नंतर बराच वेळ गप्प होते. त्यांच्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर पालं ठोकून राहणारी माणसं होती, पोलीस पाटील येऊन त्यांना दोन दिवसांत उठवायचा, हे त्यांनी सांगितलं. इथेही तेच आहे. हौसेने फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना साइटवर हसून जागा दाखवतात. पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्यांना २०२२ च्या नव्या कायद्याने हुसकावणं आणखी सोपं झालं. आणि मौजेच्या कॅरव्हॅनची कल्पना आली मुळात त्यांच्याकडूनच. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यात जिप्सींच्या गाडीसारखं घर बांधून घेतलं, ‘वॉन्डरर’ नाव दिलं, दोन घोडे जुंपले आणि बर्कशायरमधल्या ट्वायफर्डहून थेट इन्व्हर्नेस गाठलं. पुढे १९०७ मध्ये इथे कॅरव्हॅन क्लब निघाला, तो आजही चालू आहे. ज्यांच्याकडून हे सगळं घेतलं त्यांना रस्त्याकडेला दोन रात्री सुखाने काढता येऊ नयेत, हे मला त्या दिवसापासून टोचतं.

असो. वादाकडे परत येते, कारण नवऱ्याचे मुद्दे अजून संपले नव्हते.

त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा युरोपचा. फ्रान्समध्ये गावोगावी मोटरहोमसाठी ‘एर’ असतात, जर्मनीत ‘श्टेलप्लाट्झ’. गावाच्या कडेला रात्रीपुरती जागा, पाणी, सांडपाण्याची सोय, आणि दर अगदी माफक किंवा फुकट. हे तळ मोटरहोमसाठी असतात, कॅरव्हॅनला तिथे सहसा मज्जाव. युरोप हिंडायचा तर मोटरहोमच, हे मीही मान्य केलं. पण आबा-आईंचे पासपोर्ट भारतीय. ब्रिटनच्या व्हिसावर त्यांना फ्रान्समध्ये पाऊल ठेवता येत नाही. शेंगेनचा वेगळा व्हिसा, त्याच्या तारखा, कागदपत्रं, बोटांचे ठसे. ही दगदग त्यांना पुन्हा नको आहे. म्हणजे ते असतील ते महिने आम्ही याच बेटावर, आणि इथे अशा जागा फार थोड्या.

दुसरा मुद्दा बसण्याच्या जागांचा, आणि तो नवऱ्याच्या विरुद्ध गेला. आम्ही पाच जण. मोटरहोममध्ये किती जण झोपू शकतात आणि किती जणांना सीटबेल्ट आहे, हे दोन वेगळे आकडे असतात. बर्थ पाच-सहा आणि बेल्ट चार, असा प्रकार खूप. पाच बेल्टवाली मिळाली तर ती लांबरुंद आणि जड. आमच्या परवान्यावरच्या ३,५०० किलोच्या मर्यादेत पाच माणसं, पाणी, गॅस, ऑनिंग धरली की सामानाला जेमतेम जागा उरते. कॅरव्हॅन धावत असताना तिच्यात माणसं बसवता येत नाहीत. पाचही जण मोटारीत आपल्या नेहमीच्या जागी. आईंना पुढची सीट लागते, मागे बसलं की मळमळतं. मोटरहोमच्या मागच्या सोफ्यावर त्यांची काय अवस्था झाली असती, याचा विचारही नको.

मात्र माझी एक मैत्रीण मँचेस्टरला एकटी राहते आणि दर महिन्याला कुठेतरी निघते. तिने माझं ऐकून कॅरव्हॅन घेऊ नये असं मी तिला बजावून सांगितलं. एकट्या बाईला कॅम्परव्हॅनच बरी. रात्री कुणी दार वाजवलं, जागा बरी वाटली नाही, तर बाहेर न उतरता पुढच्या सीटवर जाऊन किल्ली फिरवायची आणि निघायचं. कॅरव्हॅनमध्ये तेच अंधारात उतरून टेकू काढत बसावं लागतं. शिवाय तिची रोजची गाडीही तीच, दुसरी ठेवायला नको.

वाटांचंही पाहावं लागतं. आमच्याकडून समुद्राकडे जाताना थर्स्कच्या पुढे सटन बँक नावाचा चढ लागतो, चारास एक, म्हणजे चार मीटर जाताना एक मीटर वर. तिथे कॅरव्हॅनला पूर्ण बंदी आहे, मोटरहोम जाऊ शकते. आम्ही ए-६४ ने मॉल्टनवरून जाणार.

स्वयंपाकाचा विचार मी सगळ्यात जास्त केला आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण हे घर मुळात त्यासाठीच हवं होतं. साइटवरचा विजेचा खांब कुठे १६ अँपिअरचा, कुठे १० चा, कुठे फक्त ६ चा. सहावर सुमारे १,३८० वॉट मिळतात. घरची तीन किलोवॉटची किटली तिथे लावली की वीज गेली, आणि पहाटे साडेचारला खांबाजवळ स्विच शोधणं आलं. म्हणून कमी वॉटची किटली आणि इंडक्शनऐवजी गॅस. गॅसही प्रोपेनचा, ब्यूटेन शून्याच्या आसपास वायूच बनायला तयार होत नाही, प्रोपेन उणे चाळीसपर्यंत कुरकुर करत नाही. फोडणी आत द्यायची नाही, हे आईंनीच सुचवलं. गादीच्या कापडात मोहरी-हिंगाचा वास बसला की तो सुटत नाही. ऑनिंगची एक बाजू पूर्ण उघडी ठेवून, कापडापासून दूर, टेबलावर एक बर्नर. दोन मुक्कामांमध्ये सहा मीटर अंतर ठेवण्याचा इथला नियम आगीसाठी आहे, पण शेजाऱ्यांच्या नाकासाठीही तो उपकारक ठरतो.

पैशाचं शेवटी बघितलं. नवी कोरी चार-पाच बर्थची कॅरव्हॅन साधारण २५ ते ३५ हजार पौंडांत येते. नवी कोचबिल्ट मोटरहोम साठ-सत्तर हजारांच्या पुढेच. कॅरव्हॅनला रस्ताकर नाही, वाहन धडधाकट असल्याची दरवर्षीची एमओटी तपासणी नाही, इंजिनाची देखभाल नाही. पण सर्व्हिसिंग दरवर्षी करावंच, टायर झिजले नसले तरी वयाने जुने झाले की बदलावेत, आणि उभी कुठे करायची हा खर्च धरावा. आमच्या वसाहतीच्या करारात दारापुढे कॅरव्हॅन ठेवायला मनाई आहे, तशी ती बऱ्याच ठिकाणी असते. म्हणून महिन्याच्या भाड्याने शहराबाहेर कुलूपबंद आवारात जागा घेतली.

जुनीच घ्यायची हे ठरलं होतं. जुन्या कॅरव्हॅनचा वैरी पाणी. बाहेरून चकचकीत, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याने आतली लाकडी चौकट भुसा झालेली. ओल मोजायचं यंत्र घेऊन आम्ही भिंतीचा प्रत्येक कोपरा तपासला, बिछान्याखालच्या पेट्या उघडून हात घालून पाहिलं, जिथे कुबट वास आला तिथून निघालो. १९९२ पासून इथे कॅरव्हॅनची नोंदणी होते आणि चासीचा क्रमांक खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो; तो कागदाशी जुळतो का ते बघितलं, कारण चोरीच्या कॅरव्हॅनही विकायला येतात. शेवटी हलजवळ, जिथे ब्रिटनमधल्या बऱ्याच कॅरव्हॅन बनतात, तिथल्याच एका कुटुंबाकडून पाच बर्थची मिळाली. भरून १,४०० किलो. मागे आडवे बंक, पुढे रुंद सोफा, आणि दाराशी बुटकी पायरी.

नवरा अजूनही म्हणतो की लेक मोठी झाली की आपण दोघं कॅम्परव्हॅन घेऊ. घेऊही. तेव्हा आमचं फिरणं वेगळं असेल.

मोटारीला जोडणीचा गोळा बसवायला पुढच्या आठवड्यात द्यायचं आहे, तेरा पिनांच्या सॉकेटसकट. एप्रिलमध्ये आम्ही दोघंच जवळच्या साइटवर जाऊन सगळं एकदा जोडून-सोडून बघणार. आबा-आई आले की नॉर्थम्बरलँडचा किनारा, बॅमबराच्या किल्ल्याजवळ. क्लबच्या सभासदांसाठी शेतकऱ्यांनी ठेवलेल्या छोट्या साइट असतात, एका वेळी पाचच कॅरव्हॅन. त्यातली एक धरली आहे. शेतात गाई आहेत, आबांना पहाटे बघायला काहीतरी हवं. संडास-बाथरूमची इमारत तिथे नाही, पण आपलं आतच आहे. जमीन सपाट आहे का, दारापर्यंत चिखल होतो का आणि खांब किती अँपिअरचा, हे सगळं मी फोन करून मालकीणबाईंना विचारून घेतलं. दहाचा आहे.